कट्यारीला न दाखवलेला चेहरा

एका राज्यात रखवालदार जन्माला येत नसत, डोंगरातून निघत. राज्याच्या मधोमध हाडासारखा पांढराफेक डोंगर होता. त्याला फट पडे आणि फटीतून, उजव्या मुठीत कट्यार धरलेला एकेक गडी बाहेर येई. अंगावर चुना, डोळे मिचमिचे, आणि मूठ अशी घट्ट की मरेपर्यंत सुटायची नाही. प्रत्येकाच्या कट्यारीला एकच चेहरा ठाऊक असे. तो दिसला की कट्यार आपणहून उडी घेई, धन्याला विचारीत बसत नसे. पण तो चेहरा कोणाचा, हे ना गड्याला ठाऊक, ना डोंगराला. चोराचा असेल, परचक्राच्या शिपायाचा असेल, नाहीतर शेजारच्या आळीतल्या कासाराचाही असेल. आता असला गडी थेट वेशीवर कोण उभा करील? म्हणून त्याला आधी पारखशाळेत नेत.

पारखशाळेत बिनचेहऱ्याच्या बाया राहत. कपाळ होतं, हनुवटी होती, मधे मात्र सारवलेल्या भिंतीसारखं सपाट. सगळे त्यांना आया म्हणत. वर आढ्यावर भृंगराज पक्षी बसे, काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तुरे. राज्यातल्या झाडून साऱ्या माणसांचे आवाज त्याच्या गळ्यात होते. त्यानं कासाराची हाक दिली की आयांच्या सपाट जागी कासाराचे नाकडोळे उमटत, कोळणीची दिली की कोळणीचे. नवा गडी त्यांच्यापुढून चालत जाई. कुठल्याच चेहऱ्यापुढं ज्याची कट्यार साधी कोमटही झाली नाही, तो जागच्या जागी चुन्याची भुकटी होई. ज्याला आपलं माणूस मुळीच कळत नाही, तो राखणार तरी काय? ज्याची कट्यार उडी घेई, त्याचं धुकं होई आणि ते खिडकीतून निघून जाई. ज्याची कट्यार नुसती कोमट होऊन गप्प राही, तो रखवालदार. असे फार थोडे उरत. आया कोणासाठी रडत नसत. रडायला स्वतःचे डोळे लागतात.

पिढ्यान् पिढ्या हे सुरळीत चाललं होतं. आणि मग राजा धवलकेतूला माया आली.

राज्याच्या पोटात एक मोठं तळं होतं आणि तळ्यात बेट. बेटावरची माणसं भट्टीवर एक सोनेरी रस कढवीत. त्या रसाची गोड वाफ वाऱ्यावर साऱ्या मुलखात जाई, आणि वाफ लागली की घरोघरच्या कणग्यांची झाकणं आपोआप उघडत. वाफ नसली तर धान्यानं ओसंडणारी कणगीही पहारीनं उघडायची नाही. हे बेटकर सारे एकाच तोंडवळ्याचे. राजाचा त्यांच्यावर भारी जीव. एकदा तो पारखशाळा पाहायला गेला, तर काय, आयांच्या तोंडावर बेटकरांचा चेहरा आणि समोर उघड्या कट्यारी घेतलेले गडी! राजाचा संताप संताप झाला. ज्यांच्यामुळे आपण दोन घास खातो, त्यांचं तोंड असं पात्यापुढं धरायचं? त्यानं काळभट मांत्रिकाला बोलावलं. काळभटानं मंत्र टाकून भृंगराजाच्या गळ्यातून बेटकरांचा तेवढा आवाज काढून घेतला. तो निळा खडा होऊन बाहेर पडला, आणि राजानं तो आपल्या जिभेखाली ठेवला. मग शाळेच्या दारात त्यानं एक हुकूम बसवला, की बेटकरांचा चेहरा इथं येणार नाही.

एवढा मान मिळाला म्हणून बेटावर त्या दिवशी घरोघर गूळ वाटला. पुढं राजा मेला. हुकूम मेला नाही, तो दारात बसून राहिला.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्या राज्यात मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या गड्याच्या कट्यारीला बेटकरांचा चेहरा ठाऊक, तो शाळेतून सरळ पार होऊ लागला, कारण तो चेहरा त्याच्यापुढं येईचना. असले रखवालदार फिरत फिरत बेटावर जात आणि काम उरकून परत येत. त्यांच्या मनात पाप नसे; कट्यारीनं ओळखलेला चेहरा गड्याला राक्षसाचाच दिसे. बेटावर राक्षस होता तो मारला, असं ते सांगत, पातं पुसत आणि स्वस्थ झोपत. बेटकर दरबारात रडत गेले. त्यांना उत्तर मिळालं, की पारखशाळेतून उतरलेला रखवालदार आपल्या माणसावर हात टाकत नाही, तेव्हा हे राक्षसाचंच काम. आता गादीवर धवलकेतूचा नातू होता. तोही मायाळूच. त्यानं बेटाच्या रक्षणाला आणखी रखवालदार धाडले. बेटावर माणसं कमी होत गेली, वाफ विरळ होत गेली, आणि भरल्या कणग्यांना टेकून लोक उपाशी बसू लागले.

असाच एक रखवालदार होता, धारोजी नावाचा. आडदांड, मुखदुर्बळ, हुकमाचा पक्का. त्याला बेटावर धाडलं. होडीतून उतरताना पाय घसरला आणि तो भट्टीच्या ओहोळात तोंडावर पडला. कढत्या फेसानं त्याचे डोळे गच्च चिकटले. तो गुरासारखा ओरडत होता, तेव्हा कोणीतरी त्याला काखेत धरून ओढून घरात नेलं. डोळ्यांवर गार पाल्याची पट्टी बांधली. त्या बाईचं नाव आवडाई. तिची माणसं एकामागून एक गेली होती आणि आता भट्टीवर ती एकटीच होती. तिनं त्याला पेज पाजली, त्याचं अंग पुसलं, तो वेदनेनं तळमळला की कपाळावर हात ठेवून गुणगुणत बसली. धारोजी डोंगरातून निघालेला. त्याला आई कधी नव्हती. असा हात असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता तो हात उचलला गेला की त्याला चैन पडेना.

एके सकाळी तिनं पट्टी सोडली. धारोजीनं डोळे उघडले, आणि समोर राक्षसीण बसली होती.

तोंडाच्या जागी नुसती ओली चकाकी, त्यात काहीतरी हलत होतं. कट्यार मुठीत थरारली आणि हातासकट झेपावली ती थेट तिच्या गळ्याकडं. एवढ्यात ती चकाकी आवडाईच्या आवाजात बोलली, "बाळा, दिसतंय का रे?"

धारोजीनं डावा हात मधे घातला. पातं तळव्यातून आरपार गेलं आणि तिच्या गळ्यापाशी थांबलं. ती जागची हलली नव्हती. त्यानं डोळे मिटून घेतले, तेव्हा कुठं कट्यार सैल पडली.

मग तिनं त्याचा हात बांधता बांधता, भट्टीवर एकटीनं बसून जुळवलेलं सगळं सांगितलं. राजाची माया, निळा खडा, दारातला हुकूम, आणि तिच्या मुलांना मारून गेलेले रखवालदार. तेही असेच, दिसायला चांगल्या घरचे वाटावे असे होते म्हणाली. डोळे उघडले की तो मारील हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मग वाचवलं कशाला, असं त्यानं विचारलं. दारात माणूस तळमळत होता, तो काय तसाच टाकायचा, एवढंच ती म्हणाली.  आपण राखायला आलो आणि आपणच राक्षस, हे धारोजीला कळलं, आणि हे तोंड घेऊन तो बसून राहू शकेना. डोळ्यांवर पट्टी घट्ट बांधून घेऊन तो होडीत चढला. पैलतीराला लागल्यावरच त्यानं ती सोडली, आणि ज्यानं पक्ष्याचा आवाज काढला होता त्यालाच तो परत कसा घालायचा ते विचारायला निघाला.

काळभट मांत्रिक एका कोरड्या विहिरीत राहत असे. म्हणजे त्याची सावली राहत असे. माणूस कधीच संपला होता. भर दुपारी धारोजी विहिरीत उतरला. सावली भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि समोर बसणारं कोणीच नव्हतं. धारोजीनं मान लववून येण्याचं कारण सांगितलं.

"तीन कामं आहेत," सावली म्हणाली. "राजाच्या तोंडातून खडा आण. दारातून हुकूम उठव. आणि आवाज पक्ष्याच्या गळ्यात परत गेला, की आयांच्या तोंडावरचा तो चेहरा सगळ्यात आधी तू पाहा."

"तिसरं केलं तर माझं धुकं होईल."

"होईल. पहिला चेहरा ज्याची कट्यार ओळखते त्यानंच पाहिला पाहिजे, नाहीतर आवाज गळ्यात ठरत नाही. म्हणून तर आजवर मी हे कोणाला सांगितलं नाही. चोराला कसं सांगायचं, की चोरी उघडी पाड आणि सुळावर जा?"

 धुक्याचं भय धारोजीला वाटलं, ते त्यानं लपवलं नाही. विहिरीच्या पायरीवर तो बराच वेळ डोकं धरून बसला. मग उठून चालू लागला, कारण बेटावर ती एकटी होती आणि रखवालदारांच्या होड्या पुन्हा सुटणारच होत्या.

धवलकेतूची समाधी चिंचेच्या बनात होती. आत राजा चौरंगावर बसला होता. नखं वाढून जमिनीत रुजली होती, दाढीत कोळिष्टकं, आणि तोंड घट्ट मिटलेलं. धारोजी पुढं झाला तसा राजा मिटल्या तोंडानंच बोलला. आवाज छातीतून येत होता.

"माझे बेटकर सुखरूप आहेत ना?"

चौरंगाभोवती बरीच हाडं पडली होती. आजवर जे कोणी आत आले, ते राजाला बरं वाटावं म्हणून हो म्हणाले होते, आणि त्यांच्या मागं दार मिटलं होतं. धारोजीला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला गोड बोलता येत नसे, एवढंच.

"नाहीत, महाराज," तो म्हणाला. "मेले. आपण त्यांचा चेहरा लपवलात, म्हणून आम्हीच त्यांना मारलं. आता एकच बाई उरली आहे."

 राजाचा जबडा हलला, धूळ सांडली, आणि त्यानं टाहो फोडला. मेलेल्या माणसाचा टाहो तो; चिंचेचा पाला झडून झाडं नागडी झाली. निळा खडा जिभेखालून घरंगळत धारोजीच्या पायाशी आला. तो उचलताना ऊबदार लागला. मागं राजा रडतच होता, पण आता तो हळूहळू मातीचा होत होता.

पारखशाळेच्या दारात हुकूम बसला होता. तो दिसत नसे. फक्त उंबऱ्यावर हवा ओल्या गोधडीसारखी जड लागे, आणि त्या जडपणातून एकच बोलणं येई, की बेटकरांचा चेहरा इथं येणार नाही. धारोजीनं खडा दाखवला, राजा मेल्याचं सांगितलं. हुकमाला त्याचं काही नव्हतं. राजे मरतातच; तो बसला होता बेटकरांना पात्यापासून जपायला, आणि जपत होता. एवढी वर्षं एकही कट्यार त्या चेहऱ्यापुढं आली नाही, असं तो अभिमानानं म्हणाला. धारोजीनं मग डाव्या हाताची पट्टी दातांनी सोडली आणि भोक पडलेला तळवा त्या जड हवेत धरला.

"हे भोक त्याच चेहऱ्याकडं जाणाऱ्या कट्यारीचं आहे," तो म्हणाला. "ही कट्यार तुझ्यासमोरून गेली होती. इथं तिला तो चेहरा दाखवला असता, तर ती बाहेर आली नसती."

हुकमानं तळवा चाचपला. एकेक बोट, मग भोक, मग परत भोक. "किती गेले असे माझ्यासमोरून?" त्यानं विचारलं. धारोजीनं तळवा तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं उंबऱ्यावरची हवा हलकी झाली आणि कोणीतरी म्हातारं माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठावं तसा आवाज झाला. मग दार नुसतं दार उरलं.

आत नव्या गड्यांची रांग उभी होती. धारोजीनं खडा वर फेकला. भृंगराजानं तो चोचीत झेलून गिळला, तुरे झटकले, आणि गुणगुणू लागला. तेच गुणगुणणं, कपाळावर हात ठेवून गायलेलं. रांगेच्या टोकाला थोरली आई उभी होती, सगळ्यांत जुनी. तिच्या सपाट तोंडावर आधी भुवया आल्या, मग डोळे, मग सुरकुत्यांचं बारीक जाळं. आयांच्या तोंडावर चेहरा खराच उमटे, म्हणून धारोजीला आवडाईचा चेहरा पहिल्यांदा धड दिसला तो तिथं. साधा चेहरा होता. नाकाशी एक तीळ. राक्षसाचं त्यात काहीही नव्हतं.

कट्यारीनं उडी घेतली. ती घेणारच होती. त्याच घडीला रांगेतल्या काही गड्यांच्याही कट्यारी उडाल्या आणि ते जागीच विरून धुकं झाले. एकाचं तोंड तर आश्चर्यानं उघडंच राहिलं होतं. ते खिडकीतून गेले. धारोजीनं मात्र डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट आवळलं होतं. दंडाच्या शिरा तटतटल्या, भोकातून रक्त गळायला लागलं, पातं थोरल्या आईच्या गळ्याशी थरथरत राहिलं आणि पुढं गेलं नाही. बोटं पांढरी होऊन कडेनं विरू लागली होती, ते त्याला दिसत होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. जायचंच आहे तर हा चेहरा बघत जावं, असं त्याच्या मनात आलं.

थोरली आई वाकून बघू लागली. तिला आज डोळे होते.

"कट्यार ओळखते आणि हात आवरतो," ती म्हणाली. "असा कोणी इथं आला नव्हता. आला असता तर आम्ही त्याला घालवला नसता."

तिनं त्याचा तळवा उचलून भोकावर फुंकर घातली. जखम भरली नाही. तिच्यातून गारवा वाहू लागला, तळ्याच्या तळाशी असतो तसा, आणि विरत चाललेली बोटं परत घट्ट झाली. तिनं सांगितलं, की यापुढं शाळेतून बेटकरांचा वैरी बाहेर पडायचा नाही. पण जे आधीच बाहेर पडले ते काही आपण होऊन इथं परत येणार नाहीत. ते मरेपर्यंत फिरणार आणि त्यांच्या कट्यारी तो चेहरा शोधणार. त्यांच्या मनगटाला हा तळवा लागला तर हात खाली येईल; धारोजीच्या स्वतःच्या मनगटावर मात्र त्याचा गुण येणार नाही. पुढचं काही ऐकायला धारोजी थांबला नाही. तो तळ्याकडं धावत सुटला.

बेटाच्या काठाला होड्याच होड्या लागल्या होत्या. भट्टीभोवती रखवालदारांचं कोंडाळं झालं होतं, आणि आतून आवडाईचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ती रस ढवळत होती. पळून कुठं जाणार होती ती? रखवालदारांचे चेहरे शांत होते, कामावरच्या माणसाचे असतात तसे. कट्यारी उचललेल्या होत्या.

धारोजी कोंडाळं फोडून आत शिरला आणि आवडाईकडं पाठ करून उभा राहिला, म्हणजे तिचा चेहरा त्याला दिसणार नाही आणि त्याची कट्यार गप्प राहील. मग एकेकाचं मनगट धरायला त्यानं सुरुवात केली. गार तळवा लागला की हात लुळा पडे आणि तो रखवालदार झोपेतून उठल्यासारखा इकडंतिकडं बघे. एकाचं पातं धारोजीच्या खांद्यात घुसलं, एकाचं बरगडीला लागलं. तो हटला नाही. शेवटचा रखवालदार भट्टीच्या कठड्यावर चढला होता. त्याला त्यानं पायाला धरून खाली ओढलं आणि मग मनगट धरलं. बेटावर गडबड थांबली. जो तो आपल्या पात्याकडं बघत उभा होता, आणि त्यांतले काही खाली बसून रडू लागले.

आवडाईनं भट्टीत लाकूड सारलं. वाफ उठली, तळ्यावरून गेली, मुलखात पसरली. गावागावांत कणग्यांची झाकणं उघडली आणि चुली पेटल्या. शाळेत भृंगराज अजून बेटकरांच्या आवाजात गातो. बेटावरून निसटून रानात लपलेली चार पोरंबाळं पुढं परत आली, त्यांची घरं झाली, भट्ट्या वाढल्या. मेलेले मात्र परत आले नाहीत.

धारोजी बेटावरच राहिला. कुठं कोणाची कट्यार हलली की त्यानं जाऊन मनगट धरायचं, हेच त्याचं काम झालं. त्या दिवशी मात्र सगळे पांगल्यावर आवडाईनं त्याच्या जखमा बांधल्या, पान वाढलं आणि त्याला आपल्याकडं तोंड करून बसायला सांगितलं. तो म्हणाला, नको, पाठ करूनच बसतो. तिनं ऐकलं नाही. तो वळला. कट्यार लगेच तिच्याकडं उठली, आणि त्यानं डाव्या हातानं आपलं मनगट दाबून धरलं. आता दोन्ही हात अडकलेले, समोर पान वाढलेलं.

"अजून ओढते का?" तिनं विचारलं.

"ओढते," तो म्हणाला. "ओढतच राहील, आई."

"ओढू दे," आवडाई म्हणाली. तिनं भात कालवला, घास केला, आणि पात्याच्या कडेनं हात नेऊन त्याला भरवला.